माझ्या शब्दावर आलेला माणूस

आमच्या कॉलेजात दक्षता समिती आली ती माझ्या हट्टामुळे. मी तिथे मानसशास्त्र शिकवते. परभणीच्या बाहेर, सोयाबीन-कापसाच्या शेतांमध्ये आमचा परिसर आहे. कला आणि विज्ञानाच्या इमारती, मुलामुलींची वसतिगृहं, मध्ये कडुलिंबांची रांग. एका सुट्टीत मी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले होते. कॉलेजच्या आवारात कोणी कोणावर हल्ला करण्याआधी काय काय घडत असतं, हा विषय होता. तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली. असं काही करणारा माणूस बहुतेक वेळा आधी कोणाजवळ तरी बोललेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र ते सांगायचं कुठे हे माहीत नसतं, आणि सांगितल्यावर पुढे काय होईल याची भीती असते.

परत आल्यावर मी सरळ प्राचार्यांकडे गेले. ते माझे गुरू. माझे वडील चुडाव्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. आमचं बौद्ध घर, छप्पन सालापासूनचं. त्या घरात शिक्षणाला भाकरीची जागा होती. तरी कॉलेजात शिकवणारी मी आमच्यातली पहिलीच. मी नोकरीला लागले तेव्हा सर आमचे विभागप्रमुख होते. स्टाफरूममध्ये माझा चहाचा कप वेगळा ठेवला जातो हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझा कप उचलला, त्यातून चहा प्यायले, कप विसळून पुन्हा इतर कपांत ठेवला, आणि कोणाशी काही न बोलता तासाला गेले. त्यानंतर माझा कप कधी वेगळा राहिला नाही. या माणसासाठी मी काय केलं नसतं?

समितीचं त्यांनी लगेच मान्य केलं. ते अध्यक्ष झाले, मी सचिव. सुरक्षा बघायला संस्थेने एक निवृत्त फौजदार नेमले होते, ते तिसरे. मी दोघांना एकच सांगितलं की आपल्याकडे आलेली गोष्ट आधी नीट समजून घ्यायची. धमकी देणारा प्रत्येक जण धोकादायक नसतो, आणि धोकादायक असलेला प्रत्येक जण धमकी देत नाही. त्याने काय म्हटलं याच्याइतकंच त्याने काय केलं हे बघायचं. काही जमवलं का, जागा पाहून ठेवली का, मागची-पुढची निरवानिरव करायला लागला का. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आली त्याच्याशीसुद्धा खोटं बोलायचं नाही.

"पोलिसांचं काय?" फौजदारांनी विचारलं.

"वेळच आली तर बोलवायचे. पण बोलवणार असू तर लपवायचं नाही."

सर हसून म्हणाले, "पोरी, तुझा शब्द तो माझा शब्द."

पहिली दोन वर्षं बरी गेली. एका मुलीला सतत निनावी फोन येत होते, ते थांबले. वसतिगृहातला एक मुलगा स्वतःचं बरंवाईट करून घेईल असं त्याच्या खोलीतल्यांना वाटत होतं. त्याच्या भावाला जिंतूरहून बोलावून घेतलं, आज तो मुलगा बँकेत आहे. पोरं आपणहून सांगायला लागली होती. कॉरिडॉरमध्ये एखादी मुलगी उगाच माझ्या मागेमागे चालायला लागली की मी समजायचे, हिच्या मनात काहीतरी आहे.

मग त्या रसायनशास्त्राच्या सरांचं प्रकरण आलं.

ते तासिका तत्त्वावर शिकवायचे. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, दर एप्रिलमध्ये बेकार. पीएच.डी. झालेली, सेट पास, आणि शिकवणं असं की दुसऱ्या तुकडीची पोरं त्यांच्या तासाला येऊन मागे उभी राहायची. झरीहून मोटारसायकलवर यायचे. चाळिशीला टेकले होते. कायम नोकरी नाही म्हणून लग्नही जमलेलं नव्हतं. इतक्या वर्षांनी एकदाची त्यांच्या विषयाची कायम जागा निघाली, मुलाखती झाल्या, आणि जागा संस्थेच्या एका संचालकाच्या पुतण्याला मिळाली. सरांनी त्याविरुद्ध खंडपीठात याचिका टाकली. कॉलेजात मात्र ते येतच राहिले. ज्याने त्यांची जागा घेतली त्याला प्रयोगशाळेतली कपाटं दाखवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

नवीन सरांच्या स्वागताला स्टाफरूममध्ये पेढे वाटले तेव्हा मी तिथेच होते. पेढा हातात घेऊन रसायनवाले सर अगदी शांतपणे म्हणाले, "लॅबमध्ये काय काय ठेवलंय ते मला पाठ आहे. एक दिवस सगळ्या संचालकांना सभागृहात बसवतो आणि बाहेरून कडी लावतो. मग बघू पेढे कोण खातं."

दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, वैतागलेल्या माणसाचं बोलणं. मला हसू आलं नाही, कारण बोलताना त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पेढा त्यांनी तसाच टेबलावर ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली.

त्याच दुपारी समिती बसली. फौजदार म्हणाले, "मॅडम, नुसतं बोलणारे मी लय पाहिलेत. पण काही जण बोलून चाचपून बघतात, कोणी अडवतं का म्हणून."

"म्हणून तर आपणच आधी अडवायचं," मी म्हणाले. "मी घरी जाऊन येते."

झरीला त्यांचं घर शोधायला त्रास झाला नाही. दारात त्यांची आई बसली होती, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं शिवलिंग. मी कॉलेजातली आहे म्हटल्यावर तिने हात धरून आत नेलं.

"बसा बाई. तुमी आलात ते बरं झालं. पोराला झोपच न्हाई. नुसता अंगणात येरझाऱ्या घालायलाय. भाकरी पुढं ठिवली की उठून जायलाय. कोणाची नजर लागली म्हणावं तर तसंबी न्हाई."

सर आतून आले. मला पाहून ओशाळले. आई चहाला गेली तसं मी म्हणाले, "सर, मी फिरवून बोलत नाही. तुम्ही स्टाफरूममध्ये जे बोललात त्यासाठी आले. मी समितीकडून आलेय. तुम्ही जे सांगाल ते मला समितीपुढे सांगावं लागेल, हेही आधीच सांगते."

ते समोर येऊन बसले. मग म्हणाले, "बोलणं आणि करणं यात किती अंतर असतं, मॅडम?"

"तेच विचारायला आलेय. तुमच्यात किती उरलंय?"

ते उठले, फडताळातून एक तपकिरी बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ॲसिडची बाटली, कॉलेजचं लेबल असलेली. त्यांनी सगळं सांगितलं. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते लॅबमध्ये थांबले होते. ही बाटली पिशवीत घातली होती. नंतर सभागृहात जाऊन दारं बाहेरून कशी लागतात ते बघितलं होतं.

"मग?"

"मग खुर्च्या दिसल्या. तिथंच पोरांची निरोपसमारंभाची भाषणं होतात. माझ्यासाठी पोरं रडली होती त्या सभागृहात. मी घरी आलो. बाटली मात्र परत ठेवायला हात होईना."

"आता काय करायचं म्हणता?"

"तुमी सांगा."

आम्ही तिथेच बसून ठरवलं. बाटली ते माझ्या हातात देतील, लॅबच्या किल्ल्याही. सत्र संपेपर्यंत रजेवर राहतील. परभणीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जातील, आणि तोवर त्यांचे मेहुणे झरीला राहायला येतील. आमच्या बाजूने मी कबूल केलं की ते हे सगळं पाळत असतील तर समिती त्यांना पोलिसांच्या ताब्यात देणार नाही, आणि संस्थेच्या अध्यक्षांपुढे त्यांचं म्हणणं एकदा समोरासमोर मांडायची संधी देईल. याचिकेला कोणी हात लावणार नाही.

"हे तुमी बोलायलाव का कॉलेज?" त्यांनी विचारलं.

"मी बोलतेय. उद्या प्राचार्यांशी बोलून फोन करते. त्यांनी नाही म्हटलं तर तेही सांगते."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी शब्दन् शब्द सांगितला. बाटली फौजदारांच्या कपाटात कुलूपबंद झाली. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि मान हलवली. "चांगलं केलंस," म्हणाले. मी बाहेर येऊन झरीला फोन लावला.

पुढचे काही आठवडे मला अजून आठवतात, कारण त्या दिवसांत मी आनंदात होते. रसायनवाले सर डॉक्टरांकडे जात होते. दर सोमवारी मला फोन करत. पहिल्या सोमवारी आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. पुढे पुढे ते कापसाच्या बोंडांबद्दल बोलायला लागले, मेहुण्याच्या घोरण्यावर हसायला लागले. एकदा आईनेच फोन घेतला. "बाई, काल दोन भाकरी खाल्ल्या त्यानं," एवढं सांगून तिने ठेवून दिला. एखाद्या जागी काही वाईट घडलं नाही तर तिथे कोणी काय केलं हे कधी कोणाला दिसत नाही. पण मला दिसत होतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

मग एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "संस्थेचे अध्यक्ष तयार झालेत. उद्या अकराच्या सुमारास त्यांना घेऊन ये. चहा घेत बसून बोलू. तूच आण, तू असलीस की तो मोकळा बोलेल."

मी झरीला फोन केला. सर थोडे घाबरले. "काय बोलू, मॅडम?"

"जे माझ्याशी बोललात तेच."

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मुलाखतीला घातला होता तोच, म्हणाले. मी फाटकापासून त्यांच्याबरोबर चालत गेले. कडुलिंबाखाली दोन-तीन अनोळखी माणसं उभी होती, एकाच्या खांद्यावर कॅमेरा होता. कसला तरी कार्यक्रम असेल असं मला वाटलं. केबिनचं दार मीच उघडलं आणि त्यांना म्हणाले, "या सर, आधी तुम्ही."

आत अध्यक्ष नव्हते. प्राचार्य होते, भिंतीला टेकून फौजदार होते, आणि गणवेशातले तीन पोलीस होते. टेबलावर ती तपकिरी बाटली होती.

रसायनवाल्या सरांनी आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही मी तुमच्या हातात दिली होती ना?"

"हो."

"आपणहून दिली होती."

"हो सर."

"बरं," ते म्हणाले, आणि हात पुढे केले. बेड्या कोणी घालणारच नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे केले. त्यांना धरून नेलं तेव्हा बाहेर कॅमेरा सुरू झाला. मुलं वर्गांतून बाहेर आली होती. त्यांच्यात सरांच्या शेवटच्या वर्षाच्या तुकडीची मुलं होती. सर खाली मान घालून गेले. मी मागोमाग धावले, एका पोलिसाला सांगायला लागले की त्यांनी काहीच केलेलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, तक्रार तुमच्याच कॉलेजची हाय."

मी परत केबिनमध्ये गेले. फौजदार दारातून निघून जात होते. माझी नजर चुकवत ते पुटपुटले, "मला काल सांगितलं होतं. हुकूम होता."

प्राचार्य खुर्चीत बसले होते. मी उभीच राहिले.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द तू दिला होतास. मी मान हलवली होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते अगदी नेहमीच्या मायाळू आवाजात बोलत होते. "बस, पोरी. अध्यक्षांनी मला विचारलं की असला माणूस तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याला डॉक्टरकडे पाठवता? उद्या काही झालं असतं तर कोणाच्या गळ्यात आलं असतं?"

"काही होणार होतं ते थांबलं होतं. तो दर सोमवारी..."

"ते तू म्हणतेस."

"आणि याचिका?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी शेवटचं विचारलं, "मला आधी का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याला आणलं नसतंस."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटलं नसावं. मी मुलांना समजावत, दारोदार जाऊन जो विश्वास कमावला होता, तो त्यांनी शिकाऱ्याने रानातली हरणं जवळ यावीत म्हणून पाळलेली हरिणी वापरावी तसा वापरला होता. आणि हा माणूस माझ्या कपातून चहा प्यायलेला होता. मला त्या क्षणी त्यांचा रागसुद्धा येईना. मला फक्त ती जुनी आठवण नको झाली. ती खरी होती की तेव्हाही कोणाला तरी काही दाखवायचं होतं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे.

ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. अंमलदाराने सुरुवातीला टाळाटाळ केली, मग लिहून घेतला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता या कॉलेजात कशी काम करशील?" मी म्हणाले, "शिकवायला जाईन. दुसरं काही नाही." समितीचा राजीनामा मी सकाळी शिपायाच्या हाती पाठवून दिला.

टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं, माथेफिरू प्राध्यापक, सतर्क कॉलेज. काही दिवसांनी सर जामिनावर सुटले, पण झरीतल्या लोकांनी बातमी बघितली होती. मेहुणे परत निघून गेले. संस्थेच्या वकिलाने बातमीची कात्रणं याचिकेला जोडली, आणि पुढच्या तारखेआधीच सरांनी याचिका मागे घेतली. त्यांच्या अंगात बळ राहिलं नव्हतं, असं त्यांच्या वकिलाकडून कळलं. प्राचार्य निवृत्त झाले आणि संस्थेने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. पुतण्या अजून शिकवतो. वाईट शिकवत नाही, खरं सांगायचं तर.

मी फोन करायचे, ते उचलायचे नाहीत. एकदा झरीला गेले. आई दारातच उभी राहिली. या वेळी हात धरला नाही.

"बाई, तुमी लय गोड बोललात माझ्या घरात बसून," ती म्हणाली. "आता नका येऊ."

मला काय घडलं ते सांगायचं होतं, मलाही फसवलं होतं हे सांगायचं होतं. पण ज्या बाईचा पोरगा नेला तिच्यापुढे आपलं दुःख कसं मांडायचं? मी तशीच फिरले.

कॉलेजात मला बदल लगेच जाणवला. कॉरिडॉरमध्ये माझ्या मागेमागे आता कोणी चालत नव्हतं. एक मुलगी एकदा माझ्या टेबलापर्यंत आली, बोटातली अंगठी फिरवत उभी राहिली. "बोल की," मी म्हणाले. "न्हाई मॅडम, सहज आले होते," म्हणाली आणि गेली. पुढच्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत दोन मुलांची मारामारी झाली आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात चाकू खुपसला. जखमी मुलगा वाचला. दवाखान्यात मी चाकू मारणाऱ्याच्या खोलीतल्या मुलांना भेटले. त्याच्याजवळ चाकू आहे हे त्यांना माहीत होतं का, असं विचारलं.

"माहीत होतं," त्यातला एक म्हणाला.

"मग कोणाला का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "कोणाला सांगायचं, मॅडम? सांगितलं की त्या केमिस्ट्रीच्या सरांसारखं करता तुमी. त्याला चाकू टाकून दे एवढंच सांगायचं होतं आमाला. त्याचं आयुष्य बरबाद करायचं नव्हतं."

नवीन प्राचार्या आल्या त्यांनी समिती पुन्हा सुरू करू म्हणून मला बोलावलं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले की मी येणार नाही. त्यांना ते रुचलं नाही. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाची किंमत आता या आवारात शून्य आहे, हे त्यांना कळायला वेळ लागला.

सरांवरचा खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्षाने मला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्यांच्या यादीत मी होते, कारण बाटली माझ्या हातातून आली होती. मी पिंजऱ्यात उभी राहून घडलं तसं सांगितलं. त्यांनी बाटली स्वतः काढून दिली. किल्ल्या स्वतः दिल्या. डॉक्टरकडे स्वतः गेले. आणि अटकेच्या दिवशी ते पळून जाताना सापडले नव्हते, तर माझ्या शब्दावर, चहाच्या बोलावण्यावर आले होते. सरकारी वकील माझ्यावर चिडले. आरोपीच्या जागी सर बसले होते, केस पांढरे झालेले. माझी साक्ष चालू असताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला आणि ते सुटले. त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. बाहेर व्हरांड्यात त्यांची आई भिंतीला टेकून उभी होती. सर तिचा हात धरून पायऱ्या उतरायला लागले, मग मला बघून थांबले.

मी म्हणाले, "सर, मला माहीत नव्हतं."

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "तुमी खरं बोललात तिथं आत. वकील सांगत होते, त्याचा उपयोग झाला म्हणून." मग म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी दार तुमी उघडलं होतं. 'या सर, आधी तुम्ही' म्हणाल्या होतात. मला राग न्हाई. पण तुमचा आवाज ऐकला की मला तेवढंच ऐकू यायलंय. तर आता आपण नको बोलायला."

ते दोघं कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडले आणि गर्दीत रिक्षा शोधायला लागले. येणारी रिक्षा थांबते की नाही, तिच्यात कितीजण आधीच बसलेत, हे बघत ते बराच वेळ उन्हात उभे राहिले. मीही व्हरांड्यातच थांबले. त्यांना रिक्षा मिळेपर्यंत माझा पाय तिथून निघेना.